पीक दीर्घ, पिकाला ऱ्हस्व : घरच्या घरी शुद्धलेखन कसे शिकवाल?



बी-बियाणे, खत, पाणी आणि कीड हे माझे रोजचे विषय. गेली तीस वर्षे गावोगावी हिंडून मी तेच सांगत आलो. आज मात्र पिकाविषयी नव्हे, तर ‘पीक’ या शब्दाविषयी बोलायचे आहे. विषय वेगळा वाटेल, पण आपल्या घरातल्या पोराबाळांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

माझ्या पुतण्याचे घर गावापासून अडीच किलोमीटरवर, मळ्यातल्या वस्तीवर आहे. त्याची मुलगी सात वर्षांची. दुसरीत गेली आणि जून महिन्यातच गोठ्याच्या पत्र्यावरून पडून तिच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, मग पुन्हा एकदा करावी लागली. शाळेचे वर्ष घरीच जाणार हे उघड होते. गुरुजी भला माणूस. नाव पटावर ठेवून ते म्हणाले, “घरी शिकवा, मी अधूनमधून येऊन बघून जाईन.” मुलीची आई बारावीपर्यंत शिकलेली. तिने कंबर कसली.

वाचन आणि पाढे सुरळीत चालले. घोडे अडले ते लेखनात. पोरीला लिहायची भारी हौस. डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब ती वहीत मांडायची, आजोळी आजीला पत्रे लिहायची. पण ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. ‘दुध’, ‘विहिर’, ‘पीकाला’, ‘आणी’. सूनबाईने मला विचारले, “तात्या, शुद्धलेखनाचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना.”

मी तालुक्याच्या गावाहून एक जाडजूड सराव-वही आणून दिली. रोज वीस शब्द पाच-पाच वेळा लिहायचे, दुसऱ्या दिवशी न बघता लिहून दाखवायचे, चुकला तो शब्द आणखी दहा वेळा. शिवाय मी जाईन तेव्हा तिची वही घेऊन लाल शाईने एकूण एक चूक दाखवू लागलो. दीड महिन्याने गेलो, तर दुधाची वही कोरी. विचारले तर म्हणाली, “आजोबा, मी तोंडीच सांगते ना. लिहिलं की चुकतं.”

ते ऐकून माझे मलाच वाईट वाटले. तण काढता काढता मी रोपच उपटले होते.

दोष कुठे होता?

वहीतले शब्द बरोबर होते. पद्धत चुकीची होती. इंग्रजीचे स्पेलिंग जसे पाठ करायला लावतात, त्याच धर्तीवर ती वही बेतलेली होती. इंग्रजीत पुष्कळ शब्द बोलायचे एक आणि लिहायचे दुसरे, म्हणून तिथे पाठांतराचा भार जास्त. मराठीत तसे नाही. देवनागरीत बहुतेक अक्षर उच्चाराप्रमाणे लिहिले जाते. मुलाचा गोंधळ ठरावीक जागीच होतो : ऱ्हस्व की दीर्घ, टिंब द्यायचे की नाही, न की ण, श की ष, आणि जोडाक्षर कसे लिहायचे. कीड बांधालगतच्या चार ओळींत असेल, तर आपण सगळ्या शेतावर औषध मारत नाही. आधी पाहणी, मग फवारणी. इथेही तेच.

या जागांपैकी सर्वांत मोठी जागा ऱ्हस्व-दीर्घाची, आणि ती बरीचशी नियमांनी बांधलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. शाळेची पुस्तके याच १८ नियमांना धरून असतात. पण सात वर्षांच्या मुलापुढे अठराच्या अठरा नियम मांडणे म्हणजे हंगामाचे सगळे खत एकाच पाळीत देणे. ‘पी हळद नि हो गोरी’ असे होत नाही. पहिल्या वर्षाला पाच नियम पुरतात, आणि त्यांची उदाहरणे आपल्या शेतातच उभी आहेत.

पाच नियम

पहिला : शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ लिहावा. गहू, पेरू, लिंबू, ज्वारी, बाजरी. ‘आणि’ व ‘परंतु’ हे अपवाद त्याच दिवशी सांगून टाकावेत, कारण ‘आणि’ रोज लागतो.

दुसरा : शेवटच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नसेल, तर त्याच्या अलीकडची वेलांटी किंवा उकार दीर्घ. पीक, ऊस, तूर, मूग, तीळ, गूळ, दूध, जमीन, विहीर, बहीण.

तिसरा : याच शब्दांना ला, त, चा, ने असे काही जोडले की तो दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. पिकाला, उसाचा, तुरीला, मुगाची, तिळाचे, गुळाने, दुधात, जमिनीत, विहिरीत, बहिणीला.

चौथा : शेवटचे अक्षर दीर्घ असेल, तर अलीकडचा इकार-उकार ऱ्हस्व. विळा, किडा, मुळा, चिकू, पिसू.

पाचवा : टिंबाच्या किंवा जोडाक्षराच्या अलीकडचा इकार-उकार ऱ्हस्व. चिंच, डाळिंब, खुंटी, भुंगा, कुस्ती, मुक्काम.

दुसरा आणि तिसरा नियम मोठ्याने म्हणून पाहा. ‘पीक’ म्हणताना आवाज लांबतो, ‘पिकाला’ म्हणताना आखडतो. ‘ऊस’ लांब, ‘उसाला’ आखूड. मुलाच्या कानाला हा फरक आधीच ठाऊक असतो. नियम त्याला फक्त नाव देतो. म्हणून आधी बोलायचे, मग लिहायचे.

परके नव्हे, पाहुणे

आता तुम्ही म्हणाल, ‘गुण’ आणि ‘विष’ यांत दीर्घ का नाही? ‘पूजा’ आणि ‘परीक्षा’ यांत ऱ्हस्व का नाही? ‘शरीर’चे ‘शरिराला’ न होता ‘शरीराला’च का राहते? शंका रास्त आहे. हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, त्यांना तत्सम म्हणतात. आतल्या इकार-उकारापुरते ते आपली मूळची रीत सांभाळून असतात. ‘जीव’ही तसाच, म्हणून ‘जीवाला’. त्यांना नियमात कोंबू नये. वहीच्या शेवटी ‘पाहुणे शब्द’ असे एक पान राखून ठेवावे आणि आठवड्याला दोन-तीन शब्द त्यावर चढवावेत. एवढ्यापुरते पाठांतर लागतेच.

मोठ्यांनाही हे पाहुणे चकवतात. ‘कृषी’ एकटा लिहिला की दीर्घ, पण ‘कृषिप्रधान’ असा समास झाला की ऱ्हस्व. ज्या खात्यात माझा जन्म गेला त्याचाच हा शब्द, आणि ही गोष्ट मला नोकरीला लागून कित्येक वर्षे झाल्यावर समजली. तेव्हा लेकरावर डोळे वटारण्यापूर्वी आपण आपले आठवावे.

पुस्तक कसे निवडाल?

बाजारात पुस्तके पुष्कळ आहेत. विकत घेण्यापूर्वी दुकानातच चार पाने उलटून पाहावीत.

एका धड्यात एकच नियम असावा. पहिल्याच पानावर सगळ्या नियमांची यादी असेल, तर ते पुस्तक शिकवणाऱ्यासाठी आहे, शिकणाऱ्यासाठी नाही.

‘पीक’ आणि ‘पिकाला’ अशी दोन्ही रूपे शेजारी-शेजारी दाखवलेली असावीत. नुसती सुट्या शब्दांची यादी कामाची नाही, कारण चूक होते ती वाक्यात.

उदाहरणे मुलाच्या तोंडातली असावीत. सुरुवातच ‘गिरिशिखर’ आणि ‘प्रतीक्षा’ अशा शब्दांनी होत असेल, तर पुस्तक परत ठेवावे.

आधीच्या धड्यातले शब्द पुढच्या धड्यात पुन्हा आलेले असावेत. एकदा पेरून विसरून गेले तर हाती काही लागत नाही.

आणखी एक. घरात आजोबांच्या वेळची जुनी पुस्तके असतील, तर त्यांत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असे टिंब दिलेले दिसेल. ती चूक नाही, ती १९६२ पूर्वीची रीत. गोष्टी वाचायला ती पुस्तके खुशाल द्यावीत, पण शुद्धलेखन त्यांवरून शिकवू नये.

शिकवणाऱ्याने स्वतःसाठी मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ जवळ ठेवावे. एखाद्या शब्दाची शंका आली, तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ पाहावा. गावच्या वाचनालयाला ते मागवायला सांगावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर संकेतस्थळावरून फुकट मिळतात. मूल पुढे शाळेत परत जाणार आहे, म्हणून तीही हाताशी असावीत.

रोजची पंधरा मिनिटे

मुलाला बाराखडी आणि साधे वाचन आल्याशिवाय नियमांना हात घालू नये. ते आले की एका नियमाला दोन-तीन आठवडे द्यावेत. पाच मिनिटे शब्द मोठ्याने म्हणावेत. पाच मिनिटे तीन-चार वाक्ये सांगून लिहून घ्यावीत : ‘विहिरीत पाणी आहे. तुरीला शेंगा आल्या.’ शेवटची पाच मिनिटे मुलाने मनातले काहीही लिहावे.

या शेवटच्या लिखाणात, जो नियम शिकवून झाला तेवढ्याचीच चूक दाखवावी. बाकीच्या चुका आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात. त्यांची पाळी पुढे येणार आहे. हे पथ्य सर्वांत अवघड आहे, आणि सर्वांत गरजेचे.

दुसरे पथ्य बोलीचे. मूल घरात ‘पानी’, ‘व्हतं’ म्हणत असेल, तर त्याच्या बोलण्याला हसू नये. ती आपल्या आईबापांची भाषा आहे. “आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात,” एवढे सांगितले की पुरते. ‘न’ आणि ‘ण’ यांचा उलगडा नियमाने होत नाही, तो वाचनाने होतो.

पुढे काय झाले?

मी ती वीस शब्दांची वही परत घेतली आणि लाल पेनही खिशात ठेवले. सूनबाईने शंभर पानी वहीत वर सांगितलेल्या रीतीने धडे मांडले. दिवाळीपर्यंत तीन नियम झाले. दुधाचा हिशेब पुन्हा पोरीच्या अक्षरात दिसू लागला.

माघात तिला पायाच्या तपासणीसाठी तालुक्याला नेले. काठी टेकत का होईना, चालत होती. परतताना रसवंतीवर थांबलो. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘ऊसाचा ताजा रस’. पोरीने पाटी वाचली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, यांचा तिसरा नियम राहिलाय.”

घरी आल्यावर तिने आजीला पत्र लिहिले. त्यात ‘परिक्षा’ असे लिहिले होते. मी वाचले आणि पाकीट तसेच बंद केले. तो पाहुणा अजून तिच्या वहीत आलेला नव्हता.

तुमच्याही घरात आजारपणामुळे, दूरच्या वस्तीमुळे किंवा ऊसतोडीच्या हंगामामुळे एखादे लेकरू घरी शिकत असेल, तर आजच त्याची वही उघडा. चुका मोजू नका. कोणत्या एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा होते ते पाहा, आणि तिथून सुरुवात करा.