नेमबाजीची बातमी गावोगाव कोणी न्यायची?

बंदूक आणि व्याख्यानमाला यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, नेमबाजी हा बंदुकीचा विषय थोडा आणि नजरेचा, श्वासाचा व शिस्तीचा विषय अधिक आहे. आणि तो गावात शिकवायचा तर पहिली अडचण बंदुकीची नसून बातमीची असते. शिकवणारा पुण्याहून दोन दिवस येऊ शकतो, एअर रायफली मागून आणता येतात, शाळेचे सभागृह सुटीत मोकळेच असते. पण शिबिर भरते तेव्हा समोर कोण बसलेले असते? भरवणाऱ्यांची मुले, त्यांच्या शेजाऱ्यांची मुले आणि फार तर एखाद्या डॉक्टरांचा पुतण्या. जिचा हात खरोखर स्थिर आहे ती मुलगी त्या दिवशी बेल्ह्याच्या शिवारात कांदे भरत असते आणि तिला हे सारे आठ दिवसांनी कळते.

आपल्या देशात १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. पुढच्याच वर्षी ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. गांधीजींच्या चळवळीत तुरुंग भोगलेला माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी सामान्य माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते. स्वराज्यात ते हात पुन्हा निर्भय आणि जबाबदार व्हावेत, ही इच्छा अहिंसेच्या विरुद्ध नाही. मावळंकरांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नव्या नेमबाजाच्या वाटेवरचा मोठा टप्पा मानली जाते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील पदकानंतर बहात्तर वर्षांनी मराठी मातीतल्या खेळाडूने वैयक्तिक पदक मिळवले. कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे. २००९ साली वडिलांनी त्यांना सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. वडील शिक्षक होते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. शिक्षकाच्या घरी परिपत्रक पोचते. ऊसतोडणीच्या कोपीवर पोचत नाही. कांबळवाडीच्या मुलाचे कष्ट यात तिळमात्र कमी होत नाहीत, पण कोपीवरच्या मुलाला कष्ट करण्याची संधीसुद्धा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

आता आळेफाट्याचे पाहू. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. (नगरचे अहिल्यानगर झाले, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो.) चारी दिशांची माणसे इथे एस.टी. बदलतात. बालेवाडीचे नेमबाजी केंद्र १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले, ते इथून नव्वदएक किलोमीटर. जाऊन येण्यात मजुराचा दिवस बुडतो. म्हणून प्राथमिक शिक्षण इथेच व्हावे, हे उघड आहे.

पण जुन्नर-आंबेगावात 'बंदूक शिकवणार' असे म्हटले की दुसरा प्रश्न बिबट्याचा येतो. उसात बिबट्या, संध्याकाळी पोर अंगणात सोडायची भीती; माणसे गेली आहेत, आणि त्या घरांचा राग आम्हाला कळतो. तरी स्वयंसेवकाने पहिल्या वाक्यातच सांगून टाकावे की याचा त्याच्याशी संबंध नाही. एअर रायफलीचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याने बिबट्या मरत नाही, चवताळतो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. इथे नेम धरायचा तो दहा मीटरवरच्या कागदावर. त्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. परवान्याची भीती घालणारेही भेटतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वीस ज्यूलपर्यंतच्या आणि साडेचार मिलिमीटरच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे स्वयंसेवकाला तोंडपाठ असले पाहिजे.

काम वाटण्याविषयी मात्र आम्हाला थोडे अधिकाराने बोलता येईल, कारण कामगार चळवळीत हस्तपत्रके वाटण्यातच आमची हयात गेली. सगळ्या संस्थांत एक उत्साही चिटणीस असतो. तो मजकूर लिहितो, छापून आणतो, हजार प्रती घरी नेतो आणि त्यातल्या आठशे त्याच्या खाटेखाली राहतात. दोष त्याच्या आळसाचा नसतो. एका माणसाला एका सकाळी एकाच ठिकाणी उभे राहता येते. म्हणून स्वयंसेवकाला गठ्ठा देऊ नये, जागा द्यावी. एकाने सकाळचे दूध संकलन केंद्र घ्यावे. तिथे प्रत्येक घरातले कोणीतरी येते आणि रांगेत उभे असताना ऐकून घेते. एकाने कांदा बाजारातले हमाल. एकीने बचत गटाची बैठक. एकाने बेल्ह्याचा सोमवारचा बाजार. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांना मुंबईकर मंडळी घरी येतात, तो मोका सोडू नये. ज्याला जी जागा दिली तो त्याच जागेतला असावा. हमालाला हमालाने सांगितलेले पटते. आमच्यासारख्याने सांगितले की त्याला वर्गणीचा वास येतो.

मजकूर मात्र एकाच्याच हातचा असावा, नाहीतर तीन गावांत तीन वेळा जाहीर होतात. त्यात तारीख, जागा, रायफल आणि छर्रे फुकट की विकत, आणि पालकांना शेजारी बसता येईल की नाही, एवढे असले की पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले की काम झाले, हा समज आम्हाला विशेष घातक वाटतो. फोन बापाच्या खिशात असतो आणि बातमी मुलीची असते. तीन दिवस आधी त्याच माणसाने त्याच जागी पुन्हा जावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वयंसेवकाने परत येताना काय आणावे. पत्रके किती खपली हा हिशेब व्यर्थ आहे. नावे किती आली हे सांगावे, आणि नाही म्हणणाऱ्याचे कारण लिहून आणावे. दहा आया म्हणाल्या की मुलगी अंधार पडण्यापूर्वी घरी पोचली पाहिजे, तर शिबिराची वेळ बदलली पाहिजे. कोणी म्हणाले की रोज बुडतो, तर शिबिर बाजाराच्या दिवशी ठेवू नये. प्रसिद्धी ही अशी दोन्ही बाजूंनी वाहिली तरच तिचा उपयोग. मालकाशी बोलणी करण्यापूर्वी संघटना खात्याखात्यातून हेच करते.

स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षी फेल्डशीसेन नावाचा नेमबाजीचा उत्सव होतो. लाखाच्या वर माणसे त्यात नेम धरतात आणि व्यवस्था गावोगावची नेमबाजी मंडळे सांभाळतात. तिथे शस्त्राची परंपरा वेगळी, सैन्याची रचना वेगळी. तिची नक्कल करावी असे नाही. इतकी माणसे राजधानीतून निघालेल्या एका जाहिरातीने जमत नाहीत, एवढेच आपल्यापुरते घ्यावे.

आळेफाट्याला वीस स्वयंसेवक मिळाले तर आम्ही अठरांना जागा वाटून देऊ. उरलेल्या दोघींना शिबिराच्या दिवशी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर उभे करू. मुली ज्या गाडीने आल्या त्या गावच्या गाडीत बसल्या की नाही, हे पाहायला.