रक्तातले लोखंड

कारखान्यात हाताला जखम झाली, की तीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात आणि पांढरा फेस उसळतो. अंबरनाथ-बदलापूरच्या कामगाराला हे दृश्य नवे नाही. तो फेस प्राणवायूचा असतो. आपल्याच रक्तातील कॅटलेज नावाचे एंझाइम त्या द्रवाचे पाणी व प्राणवायू करीत असते.

एंझाइम म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे, पण स्वतः खर्ची न पडणारे प्रथिन. प्राणवायूवाचून आपण जगत नाही. परंतु त्याचा थोडा अंश पेशीत भलत्या वाटेने जाऊन सुपरऑक्साइड हा दाहक पदार्थ बनतो. त्याचा बंदोबस्त करणारे एंझाइम 1969 साली मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी दाखवून दिले. ते सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते आणि पुढचे काम कॅटलेज उचलते. एका पाळीने दुसरीच्या हाती काम सोपवावे, तसेच हे.

या साखळीत मोकळे लोखंड शिरले, की घात होतो. लोखंडामुळे पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल हा जहाल कण तयार होतो, आणि त्याला आवरणारे एंझाइम आपल्या शरीरात नाही!

हा प्रश्न आपल्या दारचा आहे. फाळणीनंतर सिंधी बांधव ज्या कल्याण छावणीत आले, तिचे 1949 साली उल्हासनगर झाले. सिंधी समाजात थॅलसेमियाचा दोष बराच आढळतो. कच्छी भानुशाली, पंजाबी व मराठी घरांतही तो आहे. तीव्र थॅलसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोखंड अंगात जाते. शरीर मात्र दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकते. उरलेले हृदयात, यकृतात व ग्रंथींत साठते. त्यातूनच पुढे हृदय थकते, मधुमेह जडतो.

म्हणून रक्त मिळाले, की काम अर्धेच झाले. लोखंड बाहेर काढणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नित्य चालू राहिले पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलसेमियाचा समावेश आहे. तेव्हा हे औषध मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

आणि लग्नाआधी रक्त तपासा. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक वेळ बाळाला हा आजार होण्याचा संभव असतो. वाहक स्वतः रोगी नव्हे. त्याला नावे ठेवू नका. रक्तदानाच्या शिबिरात आपण रांगा लावतो, ते उत्तमच. पण तेथून परतताना एक प्रश्न अवश्य विचारावा: या मुलाचे लोखंड कोण काढणार?