माथेरानची गाडीबंदी हवीच

माथेरान जेमतेम ८०० मीटर उंचीवर. महाबळेश्वर त्याहून उंच, पण सुट्टीत तिथं गाड्यांची रांग हटत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावीच लागते. पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर १९०७ सालच्या छोट्या रेल्वेनं. म्हणूनच लाल मातीच्या वाटांवर भर दुपारी जांभळीची सावली टिकून आहे (माकडंही, खाऊवर टपलेली!). म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे हाल होतात, हा आक्षेप खरा. माणसानं माणसाला हातरिक्षातून ओढणं तर लाजिरवाणंच. त्यावर उपाय मोजक्या ई-रिक्षा आणि सज्ज रुग्णवाहिका, सरसकट मोटारी नव्हेत. रस्ते रुंदावले की झाडं जाणार. मग मुंबईकरानं इथवर यायचं कशाला? तेव्हा गाडी नाक्यावरच ठेवा आणि चाला.