पवनारचा पाऊस आणि शेजाऱ्याचा निरोप

मृगाची सर आली की पेरावे, की आणखी चार दिवस थांबावे? आमच्या पवनारात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अंदाज हुकला की दुबार पेरणी. बियाण्याचा पैसा जातो आणि हंगामही मागे पडतो. आता याचे उत्तर पुण्याच्या महासंगणकाकडे मागतात. मी अशा यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितो, म्हणून गावकरी विचारतात, "एवढे वेगवान यंत्र, मग अडते कुठे?" मी सांगतो, "बोलण्यात अडते!"

वाचकहो, महासंगणक म्हणजे एक भला मोठा मेंदू नव्हे. तो हजारो प्रोसेसरांचा गाव. आपण त्यांना गणक म्हणू. हवामानाच्या हिशेबासाठी नकाशावर जाळी टाकतात आणि तिची घरे गणकांत वाटून देतात. पण वारा काही शीव पाळत नाही! पवनारच्या घराचा पुढचा हिशेब करायचा, तर शेजारच्या वर्ध्याकडचे वारे, बाष्प, दाब आधी कळले पाहिजेत. म्हणून हिशेबाच्या प्रत्येक पायरीला निरोप धावतात. निरोपाला उशीर झाला, की वेगवान गणकही हातावर हात ठेवून बसतो.

निरोपांचे हे नियम म्हणजेच प्रोटोकॉल. दोघेही "आधी तुम्ही सांगा" म्हणून बसले, तर काम कायमचे ठप्प. आकड्याआकड्याला वेगळा निरोप धाडला, तर खेपांतच वेळ सरतो; म्हणून शिवेवरचे सारे आकडे एका गाठोड्यात बांधायचे. त्यातून एकेका गणकात आज अनेक धागे, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी काम करतात. सगळेच निरोप पाठवू लागले, तर दारात चेंगराचेंगरी; एकालाच टपाल सोपवले, तर त्याच्यापाशी रांग. १९९४ साली ठरलेल्या 'एमपीआय' या नियमावलीत प्रत्येक निरोपावर ओळखीची खूण असते. धाग्यांना किती मोकळीक द्यावी, याच्या चार पायऱ्या १९९७ साली तिच्यात आल्या.

आपल्याकडे ही विद्या रुजली ती पुण्यात. १९८८ साली तेथे 'सी-डॅक' स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्याचे. १९९१ साली त्यांचा 'परम ८०००' उभा राहिला. त्यातला ट्रान्सप्युटर इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा. त्याला निरोपांच्या चार वाटा होत्या. आणि एक काम निरोपासाठी खोळंबले, की तो आपणहून दुसरे हाती घेई. वरण शिजेतो भाकरी थापणाऱ्या सुगरणीची ही रीत! पुढे सी-डॅकने 'परमनेट' हे स्वतःचे जाळेही घडवले.

मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली आणि जाळीचे घर १२ किलोमीटरांवरून ६ वर आले. पवनार वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटर. तेव्हा आता आम्हांला वर्ध्याचे आभाळ उसने घेण्याची गरज सहसा उरली नाही. पण घराची बाजू निम्मी झाली, की घरे चौपट होतात आणि निरोपही वाढतात. ते वेळेवर पोचले, तरच शेतकऱ्याला तिफण जुंपण्याआधी उत्तर मिळेल. उद्याचा पाऊस परवा सांगून काय उपयोग?