घराच्या खरेदीविक्रींत वकील केव्हां गांठावा?

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत गेली. त्या वेळीं जें पाहिलें, त्यांतील थोडें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडावें, म्हणून हा लेख.

ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ च्या उताऱ्यावर नांव लागलें म्हणजे मालकी झाली, ही समजूत खोटी आहे. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या घराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेंच होते. विसारपावतीनें अगर साठेखतानें मालकी येत नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एका गृहस्थानें गांवठाणांतील घर थोरल्या भावाकडून घेतलें. उताऱ्यावर नांव त्या एकट्याचेंच होतें. बैलजोडी व दागिने विकून पैसे दिले. पुढें विवाहित बहिणीनें हरकत घेतली. घर वडिलार्जित, आणि २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या अशा मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क आहे. विकणारा पैसे खर्चून मोकळा झाला, घरास कुलूप लागलें. जी फी आरंभीं वांचविली, तिच्या कित्येक पट दाव्यांत गेली.

तेव्हां पुढील प्रसंगीं वकिलावांचून पाऊल टाकूं नये: घर वडिलार्जित वा सामाईक असेल, त्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल, विकणारा मालक नसून मुखत्यार असेल, अगर मिळकतीविषयीं दावा चालू असेल, कारण त्याचा निकाल घेणारासही बांधतो. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या मालकीचें घर तर १९५६ च्या कायद्यान्वयें न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवांचून पालकासही विकतां येत नाहीं.

विकणारानेंही सावध असावें. रक्कम हातीं येण्यापूर्वीं ‘सर्व रक्कम पावली’ अशा खतावर सही करूं नये.

वकील गांठावा तो विसार देण्यापूर्वीं. नंतर तो केवळ निस्तरण्याचें काम करितो. तो आपला स्वतःचा असावा, समोरच्या पक्षाचा नसावा. त्याजकडून दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तीस वर्षांचा शोध घ्यावा, सर्व वारसांच्या सह्या पाहाव्या, मसुदा वाचून घ्यावा. आणि सही झाल्यावर चार महिन्यांच्या आंत खत नोंदणीस हजर करावें. विकणारानें तें घर एकट्यानें नोंदलेल्या खतानें घेतलेलें असेल व मागील दस्तऐवज सरळ असतील, तर काम थोडक्यांत आटपेल. तरी मसुदा एकदां दाखवावाच.

बैल घेतांना आपण दांत पाहतों. मग घर घेतांना कागद न पाहणें शहाणपणाचें नव्हे.