प्रजेच्या संमतीचा राजा

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांस संस्थानी कारभार म्हणजे काय, हे नव्याने सांगावयास नको. आपली संस्थाने १९४८-४९ च्या सुमारास विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही संपले. युरोपात मात्र असे एक संस्थान आजही नांदत आहे, आणि तेथील राजा केवळ शोभेचा नाही. त्याचे नाव लिख्टेनश्टाइन.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधील या देशाचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर. वस्ती सुमारे ४० हजार. १७१९ मध्ये फाडुत्स आणि शेलेनबर्ग हे दोन मुलूख एकत्र करून हे संस्थान निर्माण झाले. १८६८ मध्ये त्याने आपले सैन्यही मोडून टाकले.

१९२१ च्या राज्यघटनेने येथे सत्ता राजा आणि प्रजा यांच्यात वाटून दिली आहे. ‘लांडटाग’ या विधिमंडळात २५ सभासद असतात. मंत्रिमंडळ पाच जणांचे. एक हजार मतदारांनी सह्या केल्या तर कायद्याचा प्रस्ताव थेट जनतेतून येऊ शकतो. परंतु राजाने सहा महिन्यांत संमती दिली नाही, तर विधिमंडळाने किंवा लोकांनी मंजूर केलेला कायदाही निकालात निघतो.

हा अधिकार राजाने बळकावलेला आहे काय? तसे म्हणता येत नाही. राजे हान्स-आडाम द्वितीय यांनी घटनादुरुस्ती मांडली आणि ती फेटाळल्यास देश सोडून व्हिएन्नास जाण्याचा इशारा दिला. २००३ मध्ये सुमारे ६४ टक्के मतदारांनी ती स्वीकारली. तिने राजाचे अधिकार वाढविले. पण त्याचबरोबर १,५०० नागरिकांस राजेशाहीच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडण्याची मुभाही मिळाली. २०१२ मध्ये नकाराधिकारावर मर्यादा घालण्याची सूचना आली, तेव्हा सुमारे ७६ टक्क्यांनी ती नाकारली. २००४ पासून राज्यकारभार युवराज आलोइस पाहतात.

तथापि ‘लोकांनीच दिले’ एवढ्याने आमचे समाधान होत नाही. न वापरलेल्या अधिकाराचाही धाक असतो. २०११ मध्ये गर्भपातविषयक प्रस्तावावर मतदान होण्यापूर्वीच युवराजांनी संमती न देण्याचे सूचित केले होते; प्रस्ताव थोडक्यात पडला. मतदारांच्या मनावर त्या शब्दांचे किती दडपण आले, हे कोण मोजणार?

शिवाय, लोक म्हणजे कोण? स्त्रियांना मताधिकार देण्याचा प्रश्न येथे १९७१ आणि १९७३ मध्ये पुरुष मतदारांनीच फेटाळला. १९८४ मध्ये निसटत्या बहुमताने तो मंजूर झाला. त्याच देशात २०२५ मध्ये ब्रिगिट्टे हास या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या.

राजाचा मुकुट प्रजेच्या हाती ठेवणारी ही व्यवस्था आम्हांस कौतुकास्पद वाटते. परंतु तेथील निम्म्या प्रजेस मताधिकारासाठी १९८४ पर्यंत ताटकळत ठेवले ते राजाच्या नकाराने नव्हे, तर शेजारच्या मतदाराच्या मतानेच, हेही विसरता येत नाही.