पडदा बदलला, अक्षरे अडली

या स्मरणिकेसाठी जुने साहित्य शोधताना शेलार येथील आपल्या शाळेच्या कपाटात आम्हांला एक सीडी सापडली. तिच्यावर पूर्वीच्या एका १४ एप्रिलच्या कार्यक्रमातील विद्यार्थ्यांची भाषणे होती. फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक गर्दी उमटली.

माजी विद्यार्थ्यांना त्या काळचा संगणक आठवतो तो त्याच्या रूपाने: खालच्या डाव्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’चे हिरवे बटण, मागे हिरवी टेकडी, वर निळे आकाश. विंडोज एक्सपी २००१ साली आली. ती टेकडी कॅलिफोर्नियातील. चार्ल्स ओरिअर यांनी टिपलेले ते खरे छायाचित्र आहे. पुढे उठावदार बटणे गेली, चित्रे सपाट झाली. २०१२ च्या विंडोज ८ ने तर ‘स्टार्ट’चे बटणच काढले, नाराजी इतकी झाली, की पुढच्याच वर्षी ते परत आले. सवयीच्या जागी हात जावा आणि तेथे काहीच नसावे, याचा राग येणारच. पण तो गोंधळ चार दिवसांचा.

मराठी लिहिणाऱ्यांचे नुकसान याहून खोल होते. जुन्या पद्धतीत संगणक इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवी आणि फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देई. कृतिदेव फॉन्टमधील ‘मराठी’ हा शब्द आत ई, जे, के, बी, एच असा असतो. फॉन्ट नसला की तेवढेच उरते. युनिकोडने देवनागरीतील प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’ चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आलेला ‘मंगल’ फॉन्ट कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. कळफलकही बदलला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. टाइपरायटरवर बोटे बसलेल्यांना ते पुन्हा शिकणे जिवावर आले. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मात्र ही मांडणी लवकर उमगते, असे आम्हांला वाटते.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. रफार आणि जोडाक्षरे येथेच चुकतात, म्हणून ओळ न् ओळ वाचून पाहावी लागते. ज्यांच्या घरी असे जुने लेखन असेल, त्यांनी फाइलबरोबर तिचा फॉन्टही जपून ठेवावा.

आपल्या सीडीवरील भाषणे आता वाचता येतात. एका भाषणाखालचे नाव मात्र निराळ्या, नक्षीदार फॉन्टमध्ये होते. तो कोणता, हे अद्याप उमगलेले नाही. ते भाषण वाचनालयात लावले आहे. आपले वाक्य ओळखणाऱ्याने कृपया कळवावे.